दोन खडे, दोन अहवाल: एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेच्या सेवेविषयी

घरातील जुन्या दागिन्यांमधील एक निळा आणि एक लाल असे दोन खडे मी मूळस्थानासह संपूर्ण तपासणीसाठी एका रत्नपरीक्षण प्रयोगशाळेकडे दिले होते. निळा खडा नीलम आणि लाल खडा माणिक आहे, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. दोन्हींचे अहवाल हाती आल्यानंतर, तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांशी सविस्तर बोलून मी हे परीक्षण लिहीत आहे. खडा कशाचा बनला आहे आणि तो कोठून आला आहे, हे दोन प्रश्न एकाच अर्जात विचारले जातात. मात्र त्यांची उत्तरे सारख्या खात्रीची नसतात. प्रयोगशाळेची पारख करताना मला हीच कसोटी सर्वांत महत्त्वाची वाटली.

दोन्ही खडे कोंदणात होते. कोंदणातील खड्याची जात बहुधा सांगता येते, पण मूळस्थानाची तपासणी सुटा खडा असल्याशिवाय करणार नाही, असे प्रयोगशाळेने सुरुवातीलाच स्पष्ट केले. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत खडा किती जड आहे ते, काढण्यासाठी तो आधी हवेत आणि मग पाण्यात तोलावा लागतो, आणि धातूत बसवलेल्या खड्याच्या बाबतीत ते शक्यच नसते. शिवाय सोन्याची कड मेखलेलगतचा, म्हणजे खड्याच्या सर्वांत रुंद कडेलगतचा, भाग झाकून टाकते. खडे काढून घेण्यात माझे काही दिवस गेले, तरी ही अट योग्यच होती.

लाल खड्याचा निकाल पहिल्या काही मिनिटांतच लागला. तो माणिक नव्हता. माणिक म्हणजे क्रोमियममुळे लाल झालेला कुरुंद, म्हणजेच ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, १.७६२ ते १.७७० असा दुहेरी येतो. माझ्या खड्याचा अपवर्तनांक १.७१८ असा एकच आला आणि विशिष्ट गुरुत्व ३.६० भरले, तर कुरुंदाचे ते ४ च्या आसपास असते. हा स्पिनेल होता, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागात बसवलेला ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ म्हणून प्रसिद्ध असलेला खडाही स्पिनेलच आहे, तेव्हा डोळ्यांचा अंदाज चुकण्यात नवल काही नाही. त्यानंतर लेसरने खड्याला प्रकाशित करून क्रोमियमच्या प्रकाशरेषा तपासण्यात आल्या. त्या बारीक आणि ठळक असल्याने खडा नैसर्गिक आहे आणि तापवलेला नाही, हेही ठरले. मूळस्थानाच्या रकान्यात मात्र ‘पुरेशा पुराव्याअभावी निश्चित करता आले नाही’ असे लिहून त्या भागाचे शुल्क परत करण्यात आले. रकाना रिकामा राहिल्याची खंत वाटण्याऐवजी मला या प्रयोगशाळेविषयी विश्वास वाटू लागला, तो याच ओळीमुळे.

निळ्या खड्याचे काम अधिक कठीण होते आणि तज्ज्ञांचे कौशल्यही तेथेच दिसले. तो कुरुंद आहे हे लगेच कळले; नीलम हाही कुरुंदच. पुढचा प्रश्न तो निसर्गात घडला की भट्टीत, हा होता. ज्योतीत वितळवून कुरुंद घडवण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूई यांची पद्धत १९०२ साली जाहीर झाली, त्यामुळे दागिना जुना आहे एवढ्यावरून त्यातील खडा नैसर्गिक ठरत नाही. अशा कृत्रिम खड्यात वाढीच्या रेषा वक्र असतात, तर नैसर्गिक खड्यात त्या स्फटिकाच्या आकाराला धरून सरळ आणि कोनदार असतात. सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या खड्यात सरळ पट्टे दिसले आणि रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुयांचे जाळे दिसले, ज्याला रत्नपारखी ‘रेशीम’ म्हणतात. खडा खूप तापवला तर या सुया विरघळतात किंवा तुटक होतात. येथे त्या अखंड होत्या. खड्याच्या पोटातील एक लहान स्फटिक झिरकॉन या खनिजाचा असल्याचे रामन वर्णपटाने, म्हणजे लेसरचा प्रकाश विखुरताना त्यात होणाऱ्या बदलाच्या नोंदीने, खड्याला धक्का न लावता दाखवून दिले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला प्रकाशाचा हा परिणाम आज रत्नपरीक्षणाच्या टेबलावर रोज उपयोगी पडतो, हे पाहून मन भरून आले.

खडा तापवलेला आहे की नाही, याची खातरजमा अवरक्त वर्णपटाने, म्हणजे खडा डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण कोठे शोषतो हे पाहून, करण्यात आली. तापवलेल्या नीलमात ३३०९ प्रति सेंटीमीटर या ठिकाणी शोषणाची रेषा अनेकदा उमटते. पण बेसाल्ट या ज्वालामुखीच्या खडकाशी निगडित खाणींमधील नीलमांत ती न तापवताही दिसू शकते. म्हणून खडा कोणत्या भूगर्भीय गटातला आहे हे आधी ठरवावे लागते आणि मगच त्या रेषेला अर्थ येतो. माझ्या खड्याच्या दृश्य आणि त्यालगतच्या अवरक्त वर्णपटात ८८० नॅनोमीटरजवळचा, बेसाल्टी नीलमांत ठळक असणारा पट्टा अगदी क्षीण होता, लोहाचे प्रमाण कमी होते आणि ३३०९ ची रेषा नव्हती; म्हणजे खडा बेसाल्टी गटातला नव्हता आणि तापवल्याची खूणही नव्हती. तज्ज्ञांनी हा क्रम मला आलेख समोर ठेवून समजावून सांगितला.

त्यानंतर लेसरने मेखलेवरचा एक सूक्ष्म ठिपका उडवून, त्या वाफेतील मूलद्रव्ये वस्तुमानानुसार मोजण्यात आली. हा खळगा मिलिमीटरच्या काही शतांशांएवढा असतो. दहापट भिंगातून मी तो शोधून पाहिला, तरी मला सापडला नाही. त्यासाठी लेखी संमती आधीच घेतली होती, हेही नोंदवतो. या मोजणीत दशलक्षात एक भागाहूनही कमी प्रमाण कळते, आणि रंग बदलण्यासाठी बेरिलियम मुरवलेले खडे पकडण्यासाठी ती आवश्यकच आहे, कारण नेहमीच्या क्ष-किरण यंत्राला इतके हलके मूलद्रव्य दिसत नाही. माझ्या खड्यात बेरिलियम नव्हते. मॅग्नेशियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम, लोह आणि गॅलियम यांची प्रमाणे प्रयोगशाळेच्या संग्रहातील, खाणींवरून आणलेल्या नमुन्यांशी ताडून ‘मूळस्थान: श्रीलंका’ असा निष्कर्ष देण्यात आला.

मादागास्कर का नाही, असे मी विचारले. कोट्यवधी वर्षांपूर्वी हे दोन्ही भूभाग गोंडवन या महाखंडात एकमेकांच्या जवळ होते आणि तेथील नीलम एकाच पर्वतनिर्मितीच्या काळात, साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वी घडले, त्यामुळे त्यांची रासायनिक प्रमाणे मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळतात, असे उत्तर त्यांनी काहीही न लपवता दिले. माझ्या खड्याचा बिंदू आलेखावर श्रीलंकेच्या दाट भागात पडला होता, पण मादागास्करची कडही त्यापासून फार लांब नव्हती; रेशमाची ठेवण आणि वर्णपट जमेस धरूनच त्यांनी कौल दिला होता. मादागास्करमधील इलाकाका येथील साठे १९९८ मध्ये सापडले. ज्या खाणीचे नमुने संग्रहातच नाहीत, त्या खाणीचे नाव कोणतेही यंत्र सांगू शकत नाही, हे लक्षात घेतले की जुन्या अहवालांचीही फेरतपासणी का करून घ्यावी, हे पटते.

माझी तक्रार याच ठिकाणी आहे. तज्ज्ञांनी तोंडी इतक्या प्रांजळपणे सांगितलेली अनिश्चितता छापील अहवालात जवळजवळ नाहीशी होते. दर्शनी पानावर ‘श्रीलंका’ हा शब्द अपवर्तनांकाइतक्याच ठाम ठशात आहे आणि मूळस्थान हे तज्ज्ञांचे मत असल्याचे वाक्य मागील पानावर बारीक अक्षरांत गेले आहे. खडे स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याने तर ‘मूळस्थान शंभर टक्के कळेल’ असे मला सांगितले होते, जे त्याच इमारतीत आत बसलेल्या तज्ज्ञांना मान्य होण्यासारखे नव्हते. मोजलेले आकडे आणि वर्णपटही अहवालात नाहीत. मी लेखी मागणी केल्यावर ते आठवड्याभराने मिळाले. दुसऱ्या तज्ज्ञाला निष्कर्ष तपासून पाहायचा असेल तर हेच आकडे लागतात, त्यामुळे ते मागावे लागू नयेत. संपूर्ण कामाला अकरा दिवस लागले. कामाचे स्वरूप पाहता मला ते जास्त वाटले नाहीत.

याच प्रयोगशाळेकडे मी पुढील महिन्यात एक पाचू देणार आहे. पाचूतील भेगा तेलाने भरलेल्या आहेत का आणि किती, हे मला मुख्यतः जाणून घ्यायचे आहे. या वेळी अर्जाबरोबरच वर्णपट आणि मूलद्रव्यांचे तक्ते मागणार आहे, आणि मूळस्थानापुढे दुसरी शक्यता कोणती होती तेही लिहून द्यावे, अशी विनंती करणार आहे.