गुगेनहाइम की मोमा? न्यूयॉर्कमध्ये एकच दुपार हाताशी असेल तर

भारतातून पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. दोन्ही आधुनिक कलेची संग्रहालयं (मोमा म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट), तिकीट दोन्हीकडे साधारण 30 डॉलर, मग जायचं कुठे?

व्हॅन गॉगचं ‘स्टारी नाइट’ आणि मोनेची भिंतभर पसरलेली कमळं बघायचीच असतील, तर 53व्या रस्त्यावरचं मोमा. तिथे दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र शोधा; ते फुलस्केप कागदापेक्षा थोडंसंच मोठं आहे, हे समोर उभं राहिल्याशिवाय खरं वाटत नाही. वास्तुकार योशिओ तानिगुचींनी 2004 मध्ये वाढवलेली ही इमारत मात्र चित्रांना पुढे करून स्वतः अंग चोरून उभी राहते. दालनामागून दालनं, पाय बोलायला लागतात. तेव्हा शिल्पबागेत जाऊन बसावं.

गुगेनहाइममध्ये पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. वर काचेचा घुमट, मध्ये प्रचंड पोकळी आणि तिच्या कडेने घाटासारखा वळत गेलेला एकच सलग उतार. वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने या इमारतीसाठी 16 वर्षं घालवली आणि ऑक्टोबर 1959 मध्ये दारं उघडली, तेव्हा तो हयात नव्हता. एप्रिलमध्येच गेला होता. या उतारावर आणि वक्र भिंतींवर चित्रं कशी लावणार, म्हणून 1956 मध्ये 21 चित्रकारांनी निषेधाचं पत्र लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चित्रासमोर थांबलं की तिरकी जमीन घोट्यांना जाणवते, मोठा कॅनव्हास बघायला मागे सरकावं तर कठडा येतो. पण त्याच कठड्याशी वळून पाहा: अर्ध्या तासापूर्वी जवळून पाहिलेलं चित्र पोकळीपलीकडे दिसतं, आणि लांबून ते वेगळंच बोलतं. हे सुख मला मोमात मिळालेलं नाही, म्हणून माझं मत गुगेनहाइमला.

एक अट आहे. इथली प्रदर्शनं बदलत असतात. 2014च्या हिवाळ्यात आलेल्यांना नागपुरात जन्मलेल्या, जे. जे.त शिकलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन मिळालं. तुमच्या वेळी काय असेल ते आधी बघा. प्रदर्शन बदलताना उतार बंद ठेवतात. तसं असेल तर सरळ मोमा गाठा.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला लिफ्टने वर नेलं आणि रमतगमत खाली उतरलो. राइटच्याही मनात हेच होतं. फक्त काही प्रदर्शनांची सुरुवात खालून असते, तेवढं काउंटरवर विचारून घ्या.