चार बाटल्या, नऊ महिने: फ्रेंच फार्महाऊस एलचा माझा अनुभव

गेल्या दिवाळीला ताई आणि भाऊजी उत्तर फ्रान्समधल्या लिलहून नाशिकला आले तेव्हा या चार बाटल्या आणल्या, दोघांच्या मिळून, कारण बाहेरून येताना ड्युटी न भरता माणशी दोनच लिटर दारू आणता येते आणि ही बाटली ७५० मिलीची. त्यांच्या घरापासून जवळच्या एका गावातल्या छोट्या ब्रुअरीची बिएर द गार्द, म्हणजे तिकडची शेतावरची पारंपरिक बियर, तांबूस प्रकारातली, ७.५ टक्के अल्कोहोलची. 'गार्द' म्हणजेच राखून ठेवणं, म्हणून चारही एकदम संपवायच्या नाहीत हे तेव्हाच ठरवलं. शेवटची गटारीला उघडली, म्हणून आता सगळं मिळून लिहितोय.

आधी एक गोष्ट, बरेच जण हिला सेझॉन नावाची दुसरी फार्महाऊस बियर समजतात. सेझॉन शेजारच्या बेल्जियमची, कोरडी, यीस्टमुळे मिरीसारखी चरचरणारी. ही फ्रान्सच्या उत्तर टोकाची आणि हिचा सगळा जीव माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या धान्यात आहे. फ्रीज नव्हते तेव्हा उन्हाळ्यात बियर नासायची, म्हणून तिथले शेतकरी थंडीत आणि वसंतात करून ठेवायचे आणि उन्हाळ्यात काढायचे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने तिथल्या ब्रुअरींची तांब्याची भांडी काढून नेली, कितीतरी परत उभ्याच राहिल्या नाहीत. जाँलँ गावात द्युक घराण्याने १९२२ मध्ये सुरू केलेली ब्रुअरी मात्र टिकली, आणि त्यांनी १९५० च्या दशकात शॅम्पेनच्या वापरलेल्या बाटल्यांत बियर भरायला सुरुवात केली. आपल्या हातात येणारी ती जाड काच, बूच आणि वर बांधलेली तार ही तिथली पद्धत.

पहिली बाटली भाऊबीजेला संध्याकाळी उघडली. तार सहा अर्धे फेरे फिरवून सुटते, मग बूच अंगठ्याने दाबून धरायचं आणि बूच न फिरवता बाटली फिरवायची, हे भाऊजींनी शिकवलं. फ्रीजमधून काढून लगेच ओतली ही चूक झाली, पहिला घोट नुसता गार आणि किंचित गोड, बाकी काहीच नाही. गप्पांत ग्लास वीसेक मिनिटं तसाच राहिला आणि मग वास सुटला. आधी तव्यावर शेकलेल्या पावाचा, मग गुळाच्या चिक्कीचा, आणि त्याच्या खाली काहीतरी ओलसर, मातकट. ताईने ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाली, "अरे, आजोळचं बळद!" पंचवटीतल्या वाड्यात धान्य ठेवायचं ते बळद, लहानपणी आम्ही लपायचो तिथे, आणि खरंच अगदी तोच वास. हा तळघरी वास या बियरचा दोष नाही, जुनी ओळख आहे. तेव्हापासून मी आधी बाटली अर्धा तास बाहेर काढून ठेवतो, साधारण दहा-बारा डिग्रीला ती बोलायला लागते.

दुसरी जानेवारीत, दिंडोरीकडे मित्राच्या मळ्यावर हुरड्याला. कडाक्याची थंडी होती, शेकोटीतली कणसं हातावर चोळून गरम दाणे, लसणाची चटणी आणि ही बियर, मला इतकी जमलेली जोडी दुसरी आठवत नाही, दाण्याची गोडी आणि धुरकटपणा दोन्ही बियरमध्ये आधीपासूनच असल्यासारखं वाटतं. चिवड्याबरोबरही छान लागते. मिसळीबरोबर मात्र अजिबात नको, तर्रीचा तिखटपणा आणि अल्कोहोल एकत्र घशात जळतात आणि माल्टची चव मरते.

आता तिसरी, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. ही दिवाळीपासून घरातल्या कपाटात होती. अंधार आहे, उभी ठेवलीय, पुरे असं वाटलं मला, पण ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला गेलेला. बूच निघालं तेव्हा आवाज जवळपास नाहीच, फेस दोन मिनिटांत बसला, आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा. चिक्की गेली, पाव गेला, जुनाट मधासारखं काहीतरी उरलं. दोन घोट घेऊन बाकीची ओतून दिली, ताईने एवढ्या लांबून आणलेली म्हणून फार जिवावर आलं.

चौथी त्याच खोक्यातली, त्याच तारखेची, पण ती मी दिवाळीनंतर एका वायनरीत काम करणाऱ्या मित्राकडे दिली होती, त्याच्याकडे घरी वाइनचा छोटा फ्रीज आहे, बारा डिग्रीवर. गटारीला आणली, बाहेर पाऊस, घरात मटण, आणि बूच असं उडालं की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. चव पहिलीपेक्षा मऊ, गोडी कमी झालेली, बळदाचा वास जास्त, आणि शेवटी किंचित सुक्या खजुरासारखं. तळाशी यीस्टचा गाळ बसतो तेवढा बोटभर ठेवून बाकी सावकाश ओतायची, नाहीतर ग्लास गढूळ होतो.

इथे एका ठिकाणी मेनूवर 'फ्रेंच फार्महाऊस एल' बघून मागवली होती, बर्फाने पांढऱ्या झालेल्या मगमध्ये आली आणि चवीला सरळसरळ सेझॉन होती. बियर वाईट नव्हती, पण नाव चुकीचं आणि गारठा असा की काही कळूच नये. सांगितलं तर वेटरने दुसरा मग आणून दिला, तोही तितकाच गार.

ताई आणि भाऊजी मार्चमध्ये पुन्हा येतायत. दोन तांबूस आणि दोन ब्लाँड, म्हणजे फिकट सोनेरी, सांगितल्यात, ब्लाँड लगेच पिऊ, आणि तांबूस एअरपोर्टवरून थेट मित्राच्या फ्रीजमध्ये, त्याने खालचा कप्पा आत्ताच रिकामा करून ठेवलाय.