दीर्घायुष्याचा जनुकीय अहवाल: वाचन नेटके, बेरीज घाईची

घरपोच आलेल्या नळीत लाळेचा नमुना भरून परत पाठवला की निरोगी दीर्घायुष्याविषयीचा जनुकीय अहवाल मिळतो, अशी ही सेवा आहे. सूचना स्पष्ट होत्या, अहवाल ठरलेल्या मुदतीत आला आणि त्याची मांडणीही सुबक आहे. माझा आक्षेप आहे तो पहिल्याच पानावर ठळक छापलेल्या 'दीर्घायुष्य गुणांका'ला.

हा गुणांक अनेक जनुकीय भेदांची, म्हणजे माणसामाणसांच्या जनुकांतील बारीक फरकांची, बेरीज करून काढला आहे. मुळात आयुर्मानात आनुवंशिकतेचा वाटा किती, यावरच एकमत नाही. डेन्मार्कमधील जुळ्या भावंडांच्या १९९६ सालच्या अभ्यासात तो सुमारे २५ टक्के आढळला होता, तर प्रचंड संख्येने वंशावळी तपासणाऱ्या २०१८ सालच्या अभ्यासाने, आयुर्मानाशी संबंधित बाबतींत माणसे आपल्यासारखाच जोडीदार निवडतात हे जमेस धरून, तो १० टक्क्यांहूनही कमी असावा असे मांडले. अहवालात यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. शतायुषी व्यक्ती १५० जनुकीय खुणांवरून ओळखता येतात, असा दावा करणारा २०१० सालचा गाजलेला शोधनिबंध पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला होता, कारण नमुने जनुकीय खुणा टिपणाऱ्या वेगवेगळ्या प्रकारच्या चिपवर वाचल्यामुळे निष्कर्षांत चुका शिरल्या होत्या. हा इतिहास ठाऊक असताना एकच आकडा इतक्या आत्मविश्वासाने छापणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

एपीओई जनुकावरील प्रकरण मात्र खरोखर चांगले आहे. निरनिराळ्या लोकसमूहांत दीर्घायुष्याशी ज्यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला अशी जनुके फार थोडी आहेत, आणि त्यांत हे अग्रभागी आहे. त्याचे ई४ हे रूप अतिवृद्ध माणसांत कमी आढळते, ई२ तुलनेने अधिक. ई४ची एक प्रत असल्यास अल्झायमरची शक्यता वाढते, दोन असल्यास ती कितीतरी अधिक वाढते, तरीही तो आजार होईलच असे नाही, हे अहवाल नीट समजावतो. पण हा निकाल वाचायचा की नाही, हे आधी विचारलेच जात नाही आणि समुपदेशकाशी बोलण्याची सोयही नाही. ही उणीव मोठी आहे. फॉक्सओ३ जनुकाला हिरवा रंग देऊन 'अनुकूल' म्हटले आहे. हवाईमधील जपानी वंशाच्या पुरुषांत २००८ साली आढळलेला आणि नंतर इतरत्रही दिसलेला तो संबंध खरा आहे, मात्र एका व्यक्तीपुरता त्याचा परिणाम अल्प असतो.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे: चाचणी संपूर्ण जनुके वाचत नाही, निवडक स्थानेच पाहते. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलला कारणीभूत होणारे हजाराहून अधिक भेद एकट्या एलडीएलआर जनुकात ज्ञात आहेत, त्यामुळे या विकाराबाबत अहवालात दिलेल्या 'दोष आढळला नाही' या शेऱ्याला फारसा अर्थ उरत नाही. घराण्यात कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर या सेवेऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील कोलेस्टेरॉल तपासावे आणि गरज भासल्यास पूर्ण जनुकवाचन करून घ्यावे. केवळ कुतूहल असणाऱ्यांसाठी पाचपैकी तीन तारे, आणि तेही गुणांकाचे पान वगळून.