नव्या चारकप्पी घंटागाड्या: खरेदी योग्य, मापे चुकलेली

आमच्या नगरपरिषदेने जुन्या घंटागाड्या मोडीत काढून चार कप्प्यांच्या नव्या गाड्या रस्त्यावर आणल्या, त्याला आता काही महिने झाले आहेत. ही सेवा रोज सकाळी दारात येते आणि तिचे पैसे आपण मालमत्ता कराबरोबर भरतो. त्यामुळे तिचे परीक्षण कोणीतरी नीट लिहायला हवे, असे मला वाटत होते.

गाड्या बदलणे भागच होते. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आणि त्यात नगरपालिका-महापालिकांची वाहनेही आली. दुसरीकडे कचऱ्याचे नियम बदलले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनुसार ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याचा असा चार प्रकारचा कचरा घरातच वेगळा करायचा आहे. आमच्या जुन्या गाड्यांत मधोमध एक पत्रा असे, तोही बहुतेक ठिकाणी गंजून गेलेला. घरात दोन डबे ठेवणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकाच ढिगावर रिकामे होत आणि काही दिवसांतच त्या घरात एक डबा उरे. नागरिक वर्गीकरण करत नाहीत, असे सभांमधून वर्षानुवर्षे सांगितले गेले. परंतु वर्गीकरण मोडण्याची सुरुवात गाडीपासून होत होती, हे कोणी बोलत नव्हते.

त्या दृष्टीने नवी गाडी खरोखर चांगली आहे. छोट्या मालवाहू गाडीच्या चासीवर बंद हौद बसवलेला असून ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या कप्प्यांना स्वतंत्र झाकणे आहेत. मागच्या बाजूला सॅनिटरी कचऱ्यासाठी लाल पेटी आणि औषधे, बॅटरी, ट्यूबलाइट, रंगाचे डबे अशा वस्तूंसाठी काळी पेटी आहे. ओल्या कचऱ्याचे पाणी साठवणारी टाकी खाली असल्यामुळे गाडी गेल्यावर गल्लीभर पडणारी दुर्गंधीची रेघ थांबली, आणि अरुंद बोळांत राहणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. लाल पेटीचे तर मनापासून स्वागत केले पाहिजे. वापरलेले पॅड आणि डायपर सुक्या कचऱ्यातून हाताने वेगळे काढावे लागणे ही सफाई कामगारांची जुनी वेदना आहे. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुड्यांवर लाल ठिपका काढण्याचा आग्रह त्यासाठीच धरला होता. आमच्या भागात आता बहुतेक घरे ही पुडी कागदात गुंडाळून वेगळी देतात, कारण तिला गाडीत वेगळी जागा दिसते.

मोठी चूक कप्प्यांच्या मापात आहे. ओला कचरा वजनाला जास्त असतो, पण सुका कचरा जागा जास्त व्यापतो: पुठ्ठ्याची खोकी, दुधाच्या पिशव्या, बाटल्या, थर्माकोल. तरीही दोन्ही मुख्य कप्पे सारख्याच आकाराचे ठेवले आहेत. परिणाम असा की फेरी निम्म्यावर येते तेव्हा सुक्याचा निळा कप्पा शिगोशीग भरलेला असतो आणि ओल्याच्या हिरव्या कप्प्यात अजून बरीच जागा शिल्लक असते. चालकापुढे मग दोनच मार्ग उरतात, डेपोपर्यंत जाऊन परत येणे किंवा उरलेला सुका कचरा ओल्यात टाकणे. फेरीची वेळ ठरलेली आणि डिझेल मोजून मिळणारे, अशा स्थितीत तो दुसरा मार्ग धरतो आणि त्यासाठी त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. रस्त्याच्या शेवटी राहणाऱ्यांना मात्र नव्या गाडीतही जुनेच दृश्य दिसते.

दुसरा दोष उंचीचा. झाकणाची कड खांद्याच्या वर येते. गाडीवरच्या मावशींना मी याबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, ओल्याचा डबा जड असतो. वर उचलताना पाणी अंगावर येतं, आणि दुपारपर्यंत हात भरून येतो.” जुन्या गाडीच्या बाजूला त्या गोण्या अडकवत आणि विकाऊ बाटल्या, पुठ्ठे त्यांत बाजूला काढत. नव्या गाडीला गोणी अडकवायला एक आकडाही नाही. पगाराला लागणारा हा हातभार बंद झाला, शिवाय चांगला पुठ्ठा कप्प्यात दबून ओला होतो, म्हणजे पुनर्वापराचेही नुकसानच झाले. कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे २०१६ च्या नियमांतही म्हटले होते.

कप्प्यांची ही शुद्धता पुढे किती उपयोगी पडते, हे इंदूरकडे पाहिले की कळते. तेथे कचरा सहा प्रकारांत घेतला जातो, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला रोज ५५० टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी (कचऱ्यापासून इंधनवायू) प्रकल्प चालतो तो घरातून वेगळा आलेला ओला कचरा वेगळाच पोहोचतो म्हणून. आमच्याकडे मात्र गाड्या हस्तांतरण केंद्रावर जाऊन कचरा दाबून नेणाऱ्या मोठ्या ट्रकमध्ये, म्हणजे कॉम्पॅक्टरमध्ये, रिकाम्या होतात, आणि त्या कॉम्पॅक्टरला कप्पाच नाही. सुक्या कचऱ्यासाठी वेगळी फेरी ठरवून दिली आहे; ती रोज होत नाही. नव्या गाड्यांवर झालेला खर्च या एका ठिकाणी वाया जातो आणि परिषदेने सर्वांत आधी लक्ष द्यावे ते येथेच.

वेळेच्या बाबतीत सेवा समाधानकारक आहे. भोंग्याचा आवाज थोडा कमी केला तर सकाळी आजारी माणसांना बरे पडेल.

पुढच्या टप्प्यात आणखी गाड्या घ्यायच्या आहेत, असे आरोग्य विभाग सांगतो. निविदेतील मापे ठरवण्यापूर्वी अभियंत्यांनी एका पूर्ण फेरीत गाडीसोबत फिरावे, सुक्याचा कप्पा ओल्यापेक्षा स्पष्टपणे मोठा ठेवावा किंवा मधला पत्रा सरकवता येईल असा करावा, कड कंबरेच्या जवळ आणावी आणि बाजूला गोण्यांसाठी आकडे लावावेत. सध्याच्या गाड्यांना आकडे तर नगरपरिषदेच्या कार्यशाळेतही लावता येतील, त्यासाठी निविदेची वाट पाहण्याचे कारण नाही.