टिग वेल्डिंगला लाल टंगस्टन घ्यावं की निळं?

टिगमध्ये टंगस्टनचा रॉड आणि जॉब यांच्यात विजेचा आर्क (ठिणगी) धरून जोड वितळवतात, आणि रॉडच्या एका टोकाच्या रंगावरून त्याचा प्रकार ओळखतात. जुने टिगवाले लालच सांगतात आणि ते चुकीचं बोलतात असं अजिबात नाही. लाल म्हणजे 2 टक्के थोरियम ऑक्साइडवालं, निळं म्हणजे 2 टक्के लँथॅनम ऑक्साइडवालं, बाकी सगळा माल दोन्हीत टंगस्टनच, 3422 डिग्रीला वितळणारा, धातूंमध्ये याच्या वर कोणी नाही. पण नुसतं टंगस्टन आर्क पटकन धरत नाही, ऑक्साइडमुळे इलेक्ट्रॉन लवकर सुटतात, म्हणून खरा फरक त्या 2 टक्क्यांचाच.

डीसीवर एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) कामाला लाल मस्त चालतं, करंट वाढवला तर मला ते अजूनही निळ्याला उन्नीस-बीस भारी वाटतं. एसीवर ॲल्युमिनियम करायचं असेल तर मात्र लालचं टोक नीट गोळा धरत नाही, निळं दोन्हीकडे चालून जातं.

पण माझं गाडं अडलं ते रॉडला टोक काढायला घासण्यापाशी. पातळ पाईपवर रॉड जरा वितळलेल्या मालाला टेकला की टोक खराब, परत ग्राइंडरवर. थोरियम किरणोत्सारी आहे. रॉड नुसता हाताळण्याचं एवढं काही नाही, त्याचे अल्फा किरण कातडीपलीकडे जात नाहीत, पण घासताना उडणारी बारीक धूळ श्वासातून आत गेली तर फुफ्फुसात बसून तिथेच किरण सोडत राहते. आणि आमच्याकडे त्याच दगडावर पोरं ड्रिलला धार लावतात, बाजूलाच चहाचा थर्मास! धूळ ओढणारा बंदिस्त ग्राइंडर, वेगळा दगड, ओल्या फडक्याने पुसणं, हे सगळं करता येतं, पण छोट्या शॉपमध्ये ते रोज होईल असं मला तरी वाटत नाही. पोरांच्या छातीशी खेळ नको, म्हणून मी निळ्यावर आलो. त्याचीही धूळ खाऊ नयेच, पण किरणांची भानगड तरी नाही.

भावाचं म्हणाल तर दोन्ही टंगस्टनच्या भावावर हलणार. वुल्फ्रामाइट आणि शीलाइट ही त्याची खनिजं, खाणीतला 80 टक्क्यांच्या आसपास माल एकट्या चीनचा, फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी निर्यातीवर नियंत्रण आणलं. आपली राजस्थानातली डेगाण्याची टंगस्टनची खाण कधीच बंद पडलीय. त्यामुळे रॉड जपून वापरा, लांबीच्या दिशेनेच घासा आणि रंगाचं टोक घासू नका, नाहीतर उरलेला तुकडा लाल की निळा ते कळत नाही.

तुमचं काम फक्त जाड एसएस आणि धुळीची सोय पक्की असेल तर लाल सोडा असं मी म्हणणार नाही. नवीन सुरुवात करत असाल तर 2.4 एमएमचे निळे एक-दोन सुटे घेऊन आपल्याच जॉबवर चालवून बघा.