लोंगपी म्हणून घेतलेली काळी हंडी : तेल तापलं आणि रंग सुटला

मागच्या डिसेंबरात पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात मी मातीच्या दोन काळ्या हंड्या घेतल्या. एक मला, एक रत्नागिरीच्या वहिनीला. एकीचे १,८०० रुपये, दोन्हींचे मिळून ३,४००. पैसे गेले याचं दुःख आहेच, पण त्या हंडीत शिजलेलं कालवण माझ्या पाच वर्षांच्या भाच्याच्या ताटात पडता पडता राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

स्टॉलवर ‘मणिपूरची लोंगपी’ असा फलक होता. विकणारा मुलगा सांगत होता, चाक न लावता हातानं घडवलेली आहे, थेट गॅसवर चालते, मटण सुंदर शिजतं. वाईट याचं वाटतं की खऱ्या लोंगपीबद्दल यातलं सगळं खरं आहे. लोंगपी हे मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यातलं गाव. तिथले तांगखुल नागा लोक सर्पेंटाईन नावाचा दगड कुटून त्याची पूड मातीत मिसळतात, चाकाशिवाय भांडं घडवतात, उघड्या जाळात भाजतात आणि भांडं रसरशीत गरम असतानाच बाहेर काढून एका झाडाच्या पानांनी घासतात. त्यातून तो काळा, मंद तुकतुकीत रंग येतो. मूठ वेतानं विणलेली असते. मी हे आधी वाचलं होतं, त्यामुळे झाकणावरची वेताची मूठ बघितली आणि माझी खात्री पटली. मूठ डिंकाने चिकटवलेली होती, हे घरी आल्यावर कळलं.

घरी पहिल्यांदा तांदळाची पेज उकळायला ठेवली. दहा मिनिटांत स्वयंपाकघरात दाराला नवा रंग दिल्यासारखा वास. स्टॉलवाल्याला फोन केला. "ताई, नवीन भांडं आहे, पहिले दोन-तीन वेळा वास येणारच. पाणी उकळून फेकून द्या." मी ऐकलं. तीनदा पाणी उकळून फेकलं, चौथ्यांदाही वास तसाच. तरी वहिनीला कळवलं नाही, ही माझी चूक. तिला दिलेली भेट खोटी आहे असं सांगायला जीभ रेटेना.

चार दिवसांनी तिचाच फोन आला. "वन्सं, तुमची हंडी सोलवटतेय हो." तिनं बांगड्याचं कालवण करायला तेल तापवलं, लसूण टाकला, कोकमं घातली. ढवळताना पळीला काळी साल चिकटून आली. तिनं व्हिडिओ पाठवला, तो मी अजून जपून ठेवलाय. दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा, बोटानं ओढला की रबरासारखा लांबतोय आणि त्याच्याखाली लाल-गुलाबी माती. हंडीच्या आतल्या अंगाला फोड आले होते, भाजलेल्या पापडावर येतात तसे. अख्खं कालवण ओतून दिलं.

मी माझी हंडी घेऊन मुंढव्याजवळ केशवनगरच्या कुंभारवाड्यात गेले. तिथल्या एका काकांनी हातात घेतली, टिचकी मारली आणि आत बघून विचारलं, "चाकाशिवायची म्हणाला ना तो? मग ह्या रेघा कसल्या?" आतल्या बाजूला तळापासून काठापर्यंत एकसारख्या गोल रेघा होत्या, चाकावर बोटं फिरतात त्याच्या. मी रोज बघत होते आणि मला दिसल्या नव्हत्या. मग त्यांनी करवतीच्या पात्याने काठ जरा खरवडला. काळा रंग नखाएवढाही खोल नव्हता. खाली साधी लाल, कमी भाजलेली माती.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्या मातीत लोह असतं. भट्टीत मोकळी हवा लागली की भांडं लाल होतं. तेच भांडं हवा कोंडून, भुसा-शेणीच्या धुरात भाजलं की काळं होतं, आणि धूर मातीच्या छिद्रांत शिरून बसतो. म्हणजे हा काळेपणा मातीतच असतो, वरून लावलेला नसतो. तो तेलानं सुटत नाही आणि ओढला तर साल निघत नाही. आमच्या हंडीला चक्क काळा ऑईल पेंट मारला होता, आतूनसुद्धा. अशा रंगात शिसं हा विषारी धातू असू शकतो. घराच्या रंगात तो ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको, असा आपल्याकडे २०१६ चा नियम आहे, आणि तोही भिंतींच्या, दारांच्या रंगांसाठी. चुलीवर तापणाऱ्या भांड्याच्या आत रंग असूच नये.

घेताना बाटलीतलं पाणी आत-बाहेर शिंपडून बघा. मातीचं भांडं पाणी पितं. घोटलेलं असेल तर सावकाश पितं, पण पितं. आमच्या हंडीवर थेंब कमळाच्या पानावर राहतात तसे राहिले. पाणी लावू न देणाऱ्याकडून घेऊच नका. तळाचा कड आणि झाकण टेकतं ती जागा बघा, तिथं रंग घासला जातो आणि खालची माती दिसते. लोंगपीत दगड असतो, म्हणून ती हाताला जड लागते. आमची हंडी उचलताना मला हलकी लागली होती, आणि मी "वा, हलकी आहे" म्हणून खूश झाले होते. नक्षीत चंदेरी रेघा असतील तर आणखी जपा. आझमगढजवळच्या निजामाबादची काळी भांडी त्या कामासाठी नावाजलेली आहेत, पण ती कोरीव चंदेरी कारागिरी शोभेसाठी, स्वयंपाकासाठी नव्हे.

बिल मागितलं तेव्हा मला वहीतल्या पानावर आकडा लिहून मिळाला. ना नाव, ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक. यूपीआयवर कुणा व्यक्तीचं नाव आलं. व्हिडिओ पाठवल्यावर त्यानं माझा नंबर ब्लॉक केला. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे, यूपीआयची पावती आणि फोटो जोडले आहेत. अजून काही झालेलं नाही. छापील बिल असतं तर माझी बाजू भक्कम झाली असती.

काकांकडून मी साधी लाल हंडी घेतली. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली. पहिला अर्धा तास तिच्यातून बारीक सूं-सूं आवाज येत होता, बुडबुडे निघत होते. दुसऱ्या दिवशी उन्हात सुकवली, मग मंद आचेवर पेज उकळली. पेजेतला स्टार्च छिद्रं बुजवतो. वास आला तो फक्त पहिल्या पावसाचा. आता आच हळूहळू वाढवते, गरम हंडी ओल्या ओट्यावर ठेवत नाही, साबण लावत नाही कारण तोही माती पिते. राख किंवा बेसन आणि काथ्या पुरतो. धुतल्यावर पालथी न घालता उताणी सुकवते, नाहीतर आत बुरशी धरते.

वहिनीला सांगितलं, ती हंडी तशीच कचऱ्यात टाकू नकोस, फोडून टाक. चांगली दिसते म्हणून कुणी उचलून नेईल आणि चुलीवर ठेवेल. माझी मीही फोडली. एक खापरी तेवढी तक्रारीसाठी ठेवली आहे, एका बाजूला काळी, तुटलेल्या कडेला लाल.