आईचा फोन हॅक झालाय म्हणून गेलो, निघाली फुगलेली बॅटरी

लॅमिंग्टन रोडवरचं हे मोबाईल रिपेअरचं दुकान, पाच स्टार आणि ते मनापासून.

आईचा फोन आठवडाभर आपोआप चालत होता, मेसेज लिहिताना मधेच भलतीच अक्षरं उमटायची, कॅमेरा उघडायचा, एकदा तर रात्री साडेअकराला मामाला फोन लागला. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर ट्रॅफिक चलनाच्या नावाने एपीके फाईल (म्हणजे अ‍ॅप टाकायची फाईल) आलेली आणि आईने ती डाउनलोड केलेली, त्यामुळे कोणीतरी आत शिरलंय असं तिने धरूनच घेतलं. पेन्शनचं खातं त्याच नंबरवर. फोन बंद करून तीन दिवस कपाटात साड्यांखाली ठेवला होता तिने. घराजवळच्या एका दुकानात नेला तर त्याने न उघडताच सांगितलं व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल, बाराशे रुपये. बाबांचे शेवटचे व्हॉइस मेसेज त्यात आहेत आणि बॅकअप नाही, म्हणून मी फोन घेऊन निघालो.

इथल्या दादाने आधी विचारलं, "मावशी, न मागता ओटीपी आला का? पैसे गेले? सिमचं नेटवर्क अचानक गायब झालं?" तिन्हीला नाही. मग फोन सेफ मोडमध्ये टाकला, त्यात आपण टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, तरी स्क्रीन आपली नाचतेच आहे. म्हणाला अ‍ॅपचं काम असतं तर इथे थांबलं असतं. तरी तेवढ्यावर सोडलं नाही, ती एपीके इन्स्टॉल झाली नव्हती हे दाखवून डिलीट केली, अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी कुठल्या अ‍ॅपला दिलीय ते बघितलं (असली अ‍ॅप्स तिथूनच स्क्रीन वाचतात आणि टॅप करतात), व्हॉट्सअ‍ॅपचे लिंक्ड डिव्हाइस, *#२१# लावून कॉल फॉरवर्डिंग, सगळं आईला समोर बसवून.

मग फोन काउंटरच्या काचेवर उताणा ठेवून बोटाने नुसता ढकलला तर तो भोवऱ्यासारखा फिरला. पाठ फुगलेली. मागचं कव्हर काढलं तर बॅटरी उशीसारखी टम्म, तीच आतून डिस्प्लेला दाबत होती आणि त्याच दाबाने स्क्रीनला वाटत होतं कोणीतरी बोट लावतंय. फॉरमॅट मारून काय झालं असतं? फोटो गेले असते, बाबांचा आवाज गेला असता, स्क्रीन तशीच नाचत राहिली असती. याचा मला अजून राग येतो.

नवीन बॅटरी मजुरीसकट ९५० रुपये, पाऊण तासात काम. चार्जिंगला लावल्यावरच टच बिघडत असेल तर आधी चार्जर बदलून बघा म्हणाला, हलक्या चार्जरनेही असं होतं. आणि खरंच पैसे गेले तर दुकानात यायचंच नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवायचं, हे आईकडून दोनदा वदवून घेतलं. तिने पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जा, गाडी लावायला जागा नाही. संध्याकाळी खूप गर्दी असते, सकाळी अकराला गेलात तर बरं. जुनी बॅटरी घरी मागू नका, देत नाहीत, फुगलेली बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. आईने तिथेच स्टुलावर बसून बाबांचा एक मेसेज लावून बघितला, दादाने तेवढा वेळ ड्रिल बंद ठेवलं होतं.